प्रदर्शन की देव्हारा?

‘दर्शन’ आणि ‘प्रदर्शन’ या दोन शब्दांत अंतर एका उपसर्गाचे. पण त्या उपसर्गाने अर्थात जो फरक पडतो तो लहानसहान नव्हे. दर्शनास जाणारा मनुष्य काही विचारावयास जात नाही. तो हात जोडतो, क्षणभर डोळे मिटतो आणि रांगेतील मागच्या माणसाचा धक्का बसला म्हणजे पुढे सरकतो. देवळात हे योग्यच आहे. तेथे जावयाचे ते याचसाठी. प्रदर्शनाची गोष्ट निराळी. तेथे जाणाऱ्याने डोळे उघडे ठेवावयाचे असतात, एका वस्तूवरून दुसरीकडे पाहावयाचे असते, ‘हे असे का?’ म्हणून मनाशी विचारावयाचे असते, आणि आत येतेवेळी नव्हते असे काहीतरी बाहेर पडताना डोक्यात घेऊन जावयाचे असते. ‘प्र’ म्हणजे प्रकर्षाने. नुसते दिसेल असे ठेवले म्हणजे दर्शन झाले; कळेल असे दाखविले तरच ते प्रदर्शन. आमची ग्रंथालये, दप्तरखाने आणि वस्तुसंग्रहालये वर्षाकाठी जी अनेक प्रदर्शने भरवितात, त्यांपैकी बहुतेकांस हा उपसर्ग लावण्याचा अधिकार पोचत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते देव्हारे आहेत. आणि इतिहासाचा देव्हारा झाला म्हणजे पाहणाऱ्याच्या बुद्धीचे नुकसान होते ते होतेच, पण ठेवलेल्या वस्तूचेही होते, हे आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम ग्रंथालयांकडे वळू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, आणि त्याच्या आश्रयाने चालणारी ग्रंथालये आज हजारांनी मोजावी लागतात. या ग्रंथालयांत वर्षातून दोन दिवस प्रदर्शन हमखास भरते: एक २७ फेब्रुवारीस, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी येणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनी, आणि दुसरे १५ ऑक्टोबरास, वाचन प्रेरणा दिनी. त्याचे स्वरूप वाचकांच्या पूर्ण परिचयाचे आहे. एक लांब टेबल, त्यावर इस्तरी केलेली पांढरी चादर, मधोमध हार घातलेली तसबीर, तिच्यापुढे समई, आणि दोन्ही बाजूंस कपाटातून काढून उभी केलेली पुस्तके. प्रमुख पाहुणे फीत कापतात, टेबलावरून एक फेरी मारतात, एखादे पुस्तक उचलून छायाचित्रापुरते उघडतात आणि व्यासपीठाकडे वळतात. सायंकाळी पुस्तके पुन्हा कपाटात, कपाटास कुलूप. या साऱ्या खटाटोपात आलेल्या माणसास कोणती गोष्ट नव्याने कळली? कवी थोर होता हे? ते त्यास घरून निघतानाच ठाऊक होते! ही पुस्तके या क्रमाने का लिहिली गेली, एका कवितेची पहिली आवृत्ती आणि पुढची आवृत्ती यांत काय बदलले, तिचे पहिले वाचक कोण होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या टेबलावर नसते; कारण टेबल मांडणाऱ्याने असा प्रश्न स्वतःस विचारलेलाच नसतो. उरलेल्या दिवशी ‘भव्य ग्रंथप्रदर्शन’ असा फलक दिसला तर तो पुस्तकविक्रीचा समजावा. पुस्तके विकण्यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. किंबहुना ती अधिक खपावीत अशीच आमची इच्छा आहे. पण दुकानास दुकान म्हणावे.

वस्तुसंग्रहालयांत प्रकार वेगळा, पण दोष त्याच जातीचा. सामान्य लोक या संस्थांस फार दिवस ‘अजबखाना’ म्हणत आले, आणि सुशिक्षितांनी त्या नावास हसण्याची चाल पडली. आम्हांस मात्र त्या नावात लोकांचे अज्ञान दिसत नसून त्यांची अचूक पारख दिसते. ज्या दालनात मगरीचे कातडे, पेशवाईतील पालखी, चिनी बरण्या आणि एका संस्थानिकाची बंदूक शेजारी शेजारी ठेवलेली असतात व त्या शेजाराचे कारण कोणी सांगत नाही, त्यास अजबखान्याखेरीज दुसरे नाव कोणते द्यावे? मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज या दोघा इंग्रज तपासनिसांनी हिंदुस्थानातील १०५ संग्रहालयांचा आढावा १९३६ साली प्रसिद्ध केला. तो मुळीच गौरवपर नव्हता. त्यानंतर राज्य बदलले, नावे बदलली, कित्येक इमारती नव्याने रंगल्या. काही ठिकाणी काम उत्तमही झाले. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, जे १८७२ साली लोकांस खुले झाले होते, ते जीर्णावस्थेतून उठून २००८ साली ज्या देखण्या रूपात पुन्हा उघडले, त्याचे कौतुक आम्ही मनापासून करतो. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणच्या संग्रहालयात शिरून पाहावे. तेथे वस्तूखालच्या चिठ्ठीवर ‘तलवार. लोखंड. १८वे शतक.’ एवढेच शब्द आढळतील. तलवार लोखंडाची आहे हे पाहणाऱ्यास दिसत नाही काय? जे दिसते ते चिठ्ठीने सांगावे आणि जे दिसत नाही ते सांगू नये, हा उफराटा न्याय आमच्या संग्रहालयांनी कोठून शोधून काढला कोण जाणे!

या रोगाचे मूळ आमच्या मते एकच आहे. प्रदर्शन हा एक प्रकारचा निबंध आहे, हे आम्ही विसरलो आहो. निबंधात शब्द असतात, येथे वस्तू असतात, एवढाच भेद. निबंधास विषय लागतो. केवळ ‘शिवकाल’ किंवा ‘मराठी भाषा’ म्हटल्याने विषय होत नाही, ते विषयाचे गाव झाले. त्यातील कोणत्या घरी जावयाचे ते ठरावे लागते. निबंधात मांडलेले विधान एका वाक्यात सांगता आले पाहिजे. अमेरिकेतील संग्रहालयतज्ज्ञ बेव्हर्ली सेरेल या बाईंनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात प्रदर्शनासही हाच नियम लावला आहे: सबंध प्रदर्शनाचा मुख्य विचार एका वाक्यात लिहून काढावा आणि त्या वाक्यास उपयोगी न पडणारी वस्तू कितीही मोलाची असली तरी बाजूस ठेवावी. हा नियम ऐकावयास सोपा आणि पाळावयास कठीण. कारण ज्यास आपला संग्रह प्रिय आहे त्यास प्रत्येक वस्तू दाखवाविशी वाटते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घ्या. एका गृहस्थाने जन्मभर खेडोपाडी हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, दारांच्या चौकटी, वाद्ये असे घरगुती वापरातील जिन्नस जमविले आणि त्या संग्रहास आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव दिले. संग्रह वीस हजारांवर गेला. त्यांतील मांडलेले जिन्नस सुमारे अडीच हजार. कोणी म्हणेल, बाकीचे झाकून ठेवले हा अन्याय. आम्ही म्हणतो, अडीच हजार हीसुद्धा एका भेटीत मनुष्याच्या डोळ्यांस न झेपणारी संख्या आहे. चाळीस अडकित्ते ओळीने मांडले तर पाहणारा विसावा पाहून कंटाळतो. चारच मांडले, आणि त्यांपैकी एक साधा, एक मीनाकारीचा, एक लहान मुठीत मावेल असा व एक दरबारी असून कोणता कोणाच्या हाती असे व तो हात पानसुपारी कोणापुढे करी हे सांगितले, तर एका अडकित्त्यातून सबंध समाजाची बैठक डोळ्यांपुढे उभी राहते. निवड म्हणजे वस्तूंचा अपमान नव्हे. निवड हाच त्यांस बोलते करण्याचा उपाय आहे.

निवडीहून कठीण कसोटी खरेपणाची. येथे आम्ही अलीकडचे एक उदाहरण घेणार आहो. काही वाचकांस ते आवडणार नाही, पण उदाहरण आवडते घ्यावे असा वादाचा नियम नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या शासकीय संग्रहालयात लोकांस पाहण्यासाठी आणली गेली. ती ठराविक मुदतीसाठी उसनी आणलेली होती. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास रेसिडेंट असलेला व पुढे १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती, व त्याच्या घराण्यातून ती त्या संग्रहालयाकडे गेली. ज्या पेटीत ती आहेत तिच्यावरील मजकुरात ती शिवछत्रपतींची असल्याचे म्हटले आहे. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. म्हणजे त्या दिवसापासून ग्रँट डफ साताऱ्यास येईपर्यंत एकशे एकोणसाठ वर्षे लोटली होती. या मधल्या काळात ती नखे कोठे होती याचा अखंड पुरावा नाही, आणि म्हणून हीच ती नखे असे खात्रीने सांगता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाने आपल्या नोंदीत नमूद करून ठेविले आहे.

आता यापुढे काय झाले ते आठवा. शंका घेणाऱ्या अभ्यासकांचा एक पक्ष झाला, शंकेचा इन्कार करणाऱ्यांचा दुसरा झाला, आणि दोघांच्या कलहात वर्तमानपत्रांचे रकाने भरले. हा सारा कलह ‘खरी की खोटी’ या एकाच खुंटीवर टांगलेला होता. आमचे म्हणणे असे की, ज्या ठिकाणी वाद पेटला त्याच ठिकाणी प्रदर्शनास आरंभ व्हावयास हवा होता. एखाद्या वस्तूबद्दलची परंपरागत समजूत कशी तयार होते? पेटीवर अक्षरे कोणी व केव्हा लिहिली, आणि ती लिहिणारास माहिती कोठून मिळाली? सातारचे राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली गेले असता एका इंग्रज अंमलदाराच्या हाती अशी वस्तू येते याचा अर्थ काय? वाघनख हे शस्त्र कसे धरीत, त्याचे इतर नमुने कोठे आहेत? समकालीन व उत्तरकालीन साधने त्या भेटीचे वर्णन कसकसे करतात, आणि त्यांत मेळ कोठे बसतो, कोठे बसत नाही? या प्रश्नांची दहा पट्ट्यांत प्रामाणिक उत्तरे दिली असती तर शाळेतील पोरासही इतिहासाचे शास्त्र कसे चालते याचा धडा मिळाला असता, आणि महाराजांच्या कीर्तीस तिळमात्रही उणेपणा आला नसता. ज्या पुरुषाने किल्ले बांधले, आरमार उभारले, राज्यकारभाराची घडी बसविली, त्याची थोरवी चार लोखंडी नखांच्या खरेखोटेपणावर अवलंबून आहे असे ज्यांस वाटते, ते त्याचे भक्त असतील. त्यास त्यांनी ओळखले आहे असे आम्ही म्हणणार नाही.

‘शंका लोकांपुढे मांडल्याने लोकांचा विश्वास उडेल’, असे यावर सांगण्यात येते. खरा प्रकार याच्या उलट आहे. जी संस्था आपणांस काय ठाऊक आहे व काय ठाऊक नाही हे दोन्ही एकाच आवाजात सांगते, तिच्या शब्दास वजन येते. जी सर्वच गोष्टी सारख्याच गर्जून सांगते, तिच्या खऱ्या गोष्टीही गर्जनेतच जमा होतात. आणि पुरावा म्हणजे काय हे ज्या समाजास कोणी कधी दाखविलेच नाही, तो समाज इतिहासाच्या वादात हातात काय घेईल? ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. निमित्त एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाचे होते. हानी मात्र १९१७ सालापासून हस्तलिखिते जमविणाऱ्या, महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संस्थेची झाली. एखादे चांगले प्रदर्शन भरले असते तर तो दगड उगारलाच गेला नसता, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. इतके मात्र निश्चित की, ज्या वास्तूत काय आहे आणि तेथे बसून माणसे काय करतात हे गावातील दहा घरांसही ठाऊक नसते, तिच्या रक्षणास गाव धावून येत नाही. जिचे काम ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे तोच तिच्यासाठी उभा राहतो. तेव्हा प्रदर्शन ही संस्थेची शोभा नसून तिची तटबंदी आहे.

दप्तरखान्यांविषयी तर बोलावयासच नको, इतकी त्यांची लोकांशी फारकत झाली आहे. गोव्यातील दप्तरखान्याचा आरंभ १५९५ सालचा. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत, त्यांतून गो. स. सरदेसाई यांनी निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत बाहेर पडले, आणि तरीही ते महासागरातील घागरभर पाणीच होते. एवढी संपत्ती असताना दप्तराचे प्रदर्शन म्हणजे काय? तर काचेखाली पसरलेली सात-आठ मोडी पत्रे आणि खाली ‘पेशवेकालीन पत्र’ अशी चिठ्ठी. आज मोडी वाचणारा हजारांत एक मिळण्याची मारामार. बाकीच्यांस ते पत्र म्हणजे तपकिरी कागदावरील काळ्या वेलबुट्टीची नक्षी. पाहणारा दोन क्षण थांबतो, ‘काय जुने आहे हो!’ म्हणतो आणि जातो. जुनेपणा हा काही गुण नव्हे. तसे म्हटले तर अंगणातील दगड त्याहूनही जुना असतो.

हेच पत्र एकटे ठेवावे आणि सबंध भिंत त्यास द्यावी. मोठ्या अक्षरांत त्याची प्रतिमा. खाली ओळीस ओळ लावून बालबोध. त्याखाली आजच्या मराठीत आशय. कागदाच्या घड्या दाखवाव्यात, कारण पत्र कसे दुमडून, कोणत्या पिशवीतून गेले ते घड्याच सांगतात. शिक्का कोठे, मोर्तब कोठे, आणि शेवटी मोर्तब का लागे, ते सांगावे. तारखेपाशी तर मुद्दाम थांबावे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे शब्द पाहून वाचक गांगरतो, पण त्यास सांगा की हे अरबी अंक आहेत, इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, झाले ११६१, हा शुहूर सन, जो मृगाच्या सुमारास पालटतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. मग तो स्वतःच बेरीज करून १७६१ च्या जानेवारीवर, म्हणजे पानिपतावर येऊन पोचतो, आणि त्याच्या अंगावर शहारा उभा राहतो. तो शहारा भाविकतेचा नसतो. स्वतःच्या बुद्धीने कुलूप उघडल्याचा असतो. आमच्या दृष्टीने एका पत्राचे असे प्रदर्शन हे शंभर पत्रांच्या पसाऱ्याहून शतपट मोलाचे आहे.

येथवर पाहणाऱ्याच्या हिताचा विचार झाला. आता बिचाऱ्या वस्तूच्या हिताचा. प्रदर्शन भरविणारांस उजेड म्हणजे फुकटची शोभा वाटते. कागदास तो विषाप्रमाणे बाधतो, आणि या विषाचा गुण असा की त्याचा प्रत्येक थेंब अंगात साठत जातो. रात्री दिवे मालविले म्हणून दिवसाची इजा भरून येत नाही. म्हणून जगातील जबाबदार संग्रहालये कागद, रंगचित्रे आणि वस्त्रे यांवर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवितात आणि ठराविक महिन्यांनी ती वस्तू काढून तिच्या जागी दुसरी मांडतात. उन्हाचा हिशेब यावरून करावा. भर उन्हात उजेड लाख लक्सच्या घरात जातो. खिडकीतून आलेले ऊन त्याच्या निम्मेच, म्हणजे ५०,००० लक्स धरले, तरी त्याचा एक तास हा ५० लक्सच्या एक हजार तासांबरोबर होतो. दिवसाचे आठ तास धरल्यास सवाशे दिवसांचे प्रदर्शन त्या एका तासात भरून संपले! शिवाय उन्हातील अतिनील किरणांची भर निराळीच. आमच्या पूर्वजांची काजळाची शाई आणि चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद हे त्यातल्या त्यात टणक. पोथीतील चित्रांचे रंग, पैठणीचा पदर आणि लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेली जुनी वर्तमानपत्रे यांस तो टिकाव नाही. ती फिकटतात, पिवळी पडतात आणि बोट लावताच पापडासारखी तुटतात.

उजेडाने न झालेले काम हौस पुरे करते. जुनी पत्रे पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटविणे, चिकटपट्ट्या लावणे, टाचण्या मारणे, ‘टिकावीत’ म्हणून प्लॅस्टिकमध्ये कायमची भाजून काढणे, जाड ग्रंथ मधोमध सपाट उघडून त्याची पाठ मोडणे, हे प्रकार पाहून आमचा जीव तीळ तीळ तुटतो. आणि हे करणारे शत्रू नसतात. उत्साही कार्यकर्ते असतात. उपाय काही इंद्रपदाचे नाहीत. मूळ कागद पेटीत राहू द्यावा आणि त्याची हुबेहूब प्रत मांडावी; मात्र ‘ही प्रत आहे’ असे स्वच्छ लिहावे. मूळ दाखवावयाचेच तर थोडे दिवस दाखवावे, उन्हापासून दूर दाखवावे, ग्रंथास पुठ्ठ्याचा तिरपा पाळणा करून तो अर्धवट उघडावा आणि पावसाळ्यात काचपेटीच्या आत दमट हवा कोंडून राहत नाही ना, एवढे तरी पाहावे. देवाची मूर्ती विसर्जित करण्यासाठीच घडविलेली असते असे सण आमच्याकडे आहेत; पण कागद पुढच्या वर्षी पुन्हा येत नाही.

आमच्या या प्रतिपादनावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. त्यांस उत्तर देणे भाग आहे. पहिला, पैसा नाही. हा आक्षेप करणाऱ्या संस्थेच्या उद्घाटनाचा खर्च एकदा मांडून पाहावा: मांडव, ध्वनिक्षेपक, शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे आणि अल्पोपाहार यांत जेवढे जाते त्याच्या चतुर्थांशात उत्तम चिठ्ठ्या छापून होतात. शिवाय चांगल्या प्रदर्शनास मोलवान वस्तू लागतात असे कोणी सांगितले? ज्या तालुक्याच्या ग्रंथालयाजवळ जुनी देवघेवीची वही शिल्लक असेल त्याजपाशी कोणत्याही राजवाड्यात नाही असा खजिना आहे. ‘आपल्या गावाने शंभर वर्षांपूर्वी काय वाचले?’ एवढा एक प्रश्न घ्यावा. सभासदांची नावे झाकून वहीचे एक पान मांडावे. पहिली छापील यादी मांडावी. वर्गणीचा दर आणि त्या काळचा धान्याचा भाव शेजारी लिहावा. कोणत्या वर्षी पहिल्या स्त्री सभासदाची नोंद झाली ते दाखवावे. हजार हातांनी मळलेली एक कादंबरी ठेवावी. आणि तिच्या शेजारी, पाने अजून फाडलीही नाहीत असे, मोठ्या मानाने भेट आलेले एखादे विद्वत्तापूर्ण पुस्तक ठेवावे. बारा वस्तू, बारा चिठ्ठ्या, एक भिंत. गावातील प्रत्येक घर ते पाहावयास येईल, कारण ती त्याच्या आजोबा-आजींची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप असा की, लोकांस एवढा विचार नको असतो. त्यांस भपका हवा असतो. लोकांविषयीचा हा तुच्छभाव लोकांच्या नावावर खपविला जातो, याचा आम्ही निषेध करतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नोव्हेंबर २०१७ पासून काही महिने भरलेल्या ‘भारत आणि जग’ या प्रदर्शनात सुमारे दोनशे वस्तू होत्या. येथील वस्तूंशेजारी त्याच काळातील परदेशी वस्तू मांडून नऊ कथांत मानवाचा इतिहास सांगितला होता. त्यात भपका नव्हता असे नाही, पण त्याचा कणा विचाराचा होता: शेजारी कोणास बसवावे हा विचार. लोक न कंटाळता पाहत होते. त्याहून जुना दाखला बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास आणून राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणविले. पेट्यांतून पुस्तके खेड्यांत जात, आणि त्यांच्या जोडीस चित्रे दाखविण्याचीही योजना असे. ज्या काळात बहुसंख्य प्रजेस अक्षरओळख नव्हती त्या काळात त्या राजास प्रजेच्या बुद्धीवर भरवसा ठेवावासा वाटला. आज घरोघरी शिकलेली मुले असता आमच्या संस्थांस तो भरवसा वाटू नये काय?

तिसरा आक्षेप विद्वानांकडून येतो, आणि तो अधिक आदराने घेतला पाहिजे. ते म्हणतात, साठ शब्दांच्या चिठ्ठीत सत्य मावत नाही. सोपे करू गेले की खोटे होते. यात भीती खरी आहे, निष्कर्ष खरा नाही. विद्वानांनी चिठ्ठी लिहिण्याचे नाकारले म्हणून चिठ्ठी लिहिली जाण्याची राहत नाही. ती दुसरा कोणी लिहितो, आणि मग ती सोपीही होते व खोटीही. साठ शब्दांत एक गोष्ट नेमकी सांगणे हे शंभर पानांच्या प्रबंधाहून हलके काम नव्हे. ज्यास ते हलके वाटते त्याने आपल्या आवडत्या विषयावर एक चिठ्ठी लिहून ती घरातील बारा वर्षांच्या मुलास वाचावयास द्यावी. मुलाने पुढचा प्रश्न विचारला तर चिठ्ठी साधली. त्याने मान हलवून ‘बरं’ म्हटले तर ती फाडून पुन्हा लिहावी.

शेवटी एक शब्द आमच्या वाचकांस. प्रदर्शनांचा हा देव्हारा संस्थांनी मांडला खरा, पण त्यापुढे हात जोडून उभे राहणारे आपणच आहो. मुलांस घेऊन संग्रहालयात जाणारी, उद्घाटनास पुढच्या खुर्च्यांवर बसणारी आणि निघताना अभिप्रायाच्या वहीत ‘फार छान’ असे लिहून सही करणारी माणसे सुशिक्षित घरांतीलच असतात. त्या ‘फार छान’ने संस्थांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे वाळवीने केले नसेल. येथून पुढे त्या वहीत प्रश्न लिहावेत. ही वस्तू येथे का? हे विधान कशावरून? हा कागद उन्हात का? ही प्रत की मूळ? मोडीखाली बालबोध का नाही? चार घरांतून असे चार प्रश्न दर वेळी पडू लागले तर संस्थाचालकांस उत्तरे शोधावी लागतील, आणि ती शोधता शोधता त्यांच्या हातून खरे प्रदर्शन उभे राहील. फीत कोणी कापावी हा प्रश्न त्या दिवशी कोणास सुचणारही नाही.